जुने कॅबिनेट, नवा बोर्ड: रास्पबेरी पाय, व्हीजीए-६६६ आणि जे-पॅक यांचे परीक्षण

आर्केड कॅबिनेटमधला, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या पेटीतला, मूळ गेम बोर्ड बंद पडला की त्या कॅबिनेटचे काय करायचे, या प्रश्नाला आजकाल सर्रास दिले जाणारे उत्तर मला मान्य नाही. पिक्चर ट्यूब काढून टाकायची, तिच्या जागी एलसीडी पडदा बसवायचा, आतल्या वायरी कापून टाकायच्या आणि जॉयस्टिकची टोके नव्या यूएसबी बोर्डाला जोडायची, असे ते उत्तर आहे. त्यातून लाकडाची पेटी वाचते, यंत्र मात्र जाते. ज्या मॉनिटरसाठी ते खेळ रंगवले गेले तो मॉनिटर आणि ज्या हार्नेसमुळे एकाच कॅबिनेटमध्ये अनेक वेगवेगळे खेळ बसवता आले तो हार्नेस (वायरींचा जुडगा), या दोन्ही गोष्टी शाबूत ठेवून आत आधुनिक संगणक बसवता येतो. तशीच एक जोडणी मी बऱ्याच काळापासून वापरत आहे. रास्पबेरी पाय ३ बी प्लस हा छोटा संगणक, त्यावर बसणारा आणि त्यातून चित्र बाहेर काढणारा व्हीजीए-६६६ हा छोटा बोर्ड, आणि संगणकाला हार्नेसशी जोडणारा अल्टिमार्क या ब्रिटिश कंपनीचा जे-पॅक, अशा तीन वस्तूंची ही जोडणी आहे. परीक्षणासाठी माझी कसोटी एकच आहे: कॅबिनेटमधली एकही वायर न कापता ही जोडणी करता आली पाहिजे, आणि उद्या मूळ बोर्ड दुरुस्त होऊन आला तर तो काही मिनिटांत पुन्हा आपल्या जागी बसवता आला पाहिजे.

माझे कॅबिनेट पुण्यातल्या एका बंद झालेल्या व्हिडिओ गेम पार्लरमधून आलेले आहे. लाकडी बांधणी, आडवी बसवलेली रंगीत पिक्चर ट्यूब, दोन खेळाडूंचे नियंत्रण फलक, नाण्याची खाच आणि मागच्या दारामागे लोंबणारा जाम्मा हार्नेस, असे त्याचे स्वरूप आहे. आपल्याकडच्या पार्लरमध्ये अशी कॅबिनेटे पुष्कळ होती, आणि जपानी किंवा अमेरिकी कॅबिनेटांपेक्षा त्यांची वायरिंग अधिक मनमानी असते, ही गोष्ट पुढे विजेच्या पुरवठ्याबद्दल बोलताना महत्त्वाची ठरेल.

जाम्मा म्हणजे जपानमधील आर्केड यंत्रांच्या उत्पादकांच्या संघटनेने १९८५ च्या सुमारास रूढ केलेले वायरिंगचे प्रमाण. गेम बोर्डाच्या कडेवर ५६ टोके असतात, वरच्या बाजूला २८ आणि खालच्या बाजूला २८. दोन टोकांमधले अंतर ३.९६ मिलिमीटर. या ५६ टोकांमधून बोर्डाला ५ व्होल्ट आणि १२ व्होल्टचा पुरवठा मिळतो, बोर्डाकडून मॉनिटरला लाल, हिरवा, निळा आणि सिंक (चित्र जागेवर धरून ठेवणारा संकेत) हे चार संकेत जातात, स्पीकरला प्रवर्धित आवाज जातो, आणि खेळाडूंच्या जॉयस्टिक, बटणे, स्टार्ट व नाणे यांचे संकेत बोर्डाकडे येतात. हे प्रमाण आले म्हणूनच पार्लरच्या मालकाला नवा खेळ आणायचा असेल तर पूर्ण यंत्र विकत न घेता फक्त बोर्ड बदलणे शक्य झाले. रास्पबेरी पायला या ५६ टोकांच्या भाषेत बोलायला लावणे, एवढेच आपल्यापुढचे काम आहे, आणि त्यातला अवघड भाग जवळजवळ सगळा चित्राचा आहे.

त्या काळातल्या बहुतेक आर्केड मॉनिटरांची आडवी वारंवारता, म्हणजे एका सेकंदात रेखल्या जाणाऱ्या ओळींची संख्या, १५ किलोहर्ट्झच्या आसपास असते. एका सेकंदात साधारण ६० वेळा चित्र उमटते, प्रत्येक चित्रात सुमारे २६२ ओळी असतात, आणि ६० गुणिले २६२ म्हणजे १५,७२०. संगणकाच्या व्हीजीए मॉनिटरची आडवी वारंवारता याच्या दुप्पट, म्हणजे ३१.५ किलोहर्ट्झच्या जवळ असते. साध्या संगणकाचे व्हीजीए चित्र थेट आर्केड मॉनिटरला दिले तर पडद्यावर वेड्यावाकड्या रेषा दिसतात, आणि ते तसेच चालू ठेवले तर मॉनिटरच्या आडव्या विभागातला ट्रान्झिस्टर जळण्याचा खरा धोका असतो. रास्पबेरी पायच्या एचडीएमआयचा येथे थेट उपयोग नाही. ३.५ मिलिमीटरच्या जॅकमधून मिळणारे कॉम्पोझिट चित्र टीव्हीला चालते, पण आर्केड मॉनिटरला तीन रंग वेगवेगळे हवे असतात, त्यामुळे तोही मार्ग बंद.

उपयोगी पडते ती पायवरची ४० टोकांची पट्टी. पायमधल्या ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपमध्ये समांतर पडद्यासाठी एक वेगळी सोय आहे. तिच्यातून प्रत्येक रंगाचे बिट स्वतंत्र टोकांवर बाहेर काढता येतात आणि चित्राचे टायमिंग आपल्याला हवे तसे ठरवता येते. व्हीजीए-६६६ हा बोर्ड गर्ट व्हॅन लू यांनी या सोयीसाठी बनवला आणि त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला. रास्पबेरी पायच्या सुरुवातीच्या हार्डवेअरच्या कामातही त्यांचा सहभाग होता. या बोर्डावर एकही आयसी नाही. प्रत्येक रंगाच्या सहा बिटांसाठी रोधकांची एक शिडी आहे, आणि त्या शिडीतून अंकांचे रूपांतर विद्युतदाबात होते. तीन रंगांचे मिळून १८ बिट, म्हणजे २,६२,१४४ रंगछटा. निओ जिओसारख्या १९९० च्या आर्केड यंत्राच्या पूर्ण रंगपेटीत ६५,५३६ छटा होत्या, हे लक्षात घेतले तर या खेळांसाठी १८ बिट पुरतात, आणि पडद्यावर रंगांचे पट्टे पडल्याचे मला कुठेही दिसले नाही. एवढ्या साध्या बांधणीतून इतके स्वच्छ चित्र मिळते, याचे मला आजही कौतुक वाटते.

या बोर्डाला पायची २ ते २१ या क्रमांकांची वीस टोके लागतात. उरतात सहा. जाम्मा हार्नेसवर दोन खेळाडूंच्या चार-चार दिशा, तीन-तीन बटणे, दोन स्टार्ट, दोन नाणी, आणि टेस्ट, सर्व्हिस व टिल्ट असे एकवीस स्विच येतात. सहा टोकांवर एकवीस स्विच थेट जोडणे शक्य नाही. म्हणून या मार्गाने जाणाऱ्याला नियंत्रणांसाठी दुसरी वाट शोधावी लागते, आणि तेथे जे-पॅकची गरज निर्माण होते.

चित्रासाठी जे-पॅक तीन कामे करतो, आणि ही तिन्ही कामे नसती तर मी त्याची शिफारस केली नसती. पहिले काम सिंकचे. व्हीजीए केबलमधून आडवा आणि उभा सिंक वेगवेगळा येतो, तर जाम्मावर सिंकसाठी एकच टोक आहे. जे-पॅक दोन्ही सिंक एकत्र करून देतो. दुसरे काम संकेताच्या उंचीचे. व्हीजीएच्या रंगसंकेताची उंची ०.७ व्होल्ट असते, आणि आर्केड मॉनिटरला गेम बोर्डाकडून याच्या कित्येक पट मोठा संकेत मिळण्याची सवय असते. प्रवर्धक न लावता जोडले तर चित्र दिसते, पण इतके फिके की मॉनिटरचे कंट्रास्ट पूर्ण चढवूनही समाधान होत नाही. जे-पॅकवरचा प्रवर्धक ही उणीव भरून काढतो. तिसरे काम संरक्षणाचे. मर्यादेपेक्षा जास्त आडवी वारंवारता आली तर तो चित्र मॉनिटरपर्यंत पोहोचू देत नाही. टायमिंगच्या आकड्यात टंकताना एखादी चूक झाली तरी तीस वर्षे जुन्या ट्यूबला तिची किंमत मोजावी लागत नाही, आणि बदली मॉनिटर मिळणे दिवसेंदिवस कठीण होत असताना या सोयीचे मोल फार आहे.

टायमिंगच्या आकड्यांवर मात्र वेळ द्यावा लागतो. कॅपकॉमच्या सीपीएस-१ या बोर्डाचे उदाहरण घेऊ, कारण १९९१ चा स्ट्रीट फायटर २ आणि आपल्याकडे 'मुस्तफा' या नावानेच ओळखला गेलेला १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स हे दोन्ही खेळ त्याच कुळातले आहेत. या बोर्डाचे चित्र ३८४ बाय २२४ पिक्सेलचे आहे. पिक्सेलचे घड्याळ ८ मेगाहर्ट्झचे, एका ओळीला ५१२ ठोके आणि एका चित्रात २६२ ओळी. यावरून आडवी वारंवारता बरोबर १५,६२५ हर्ट्झ येते आणि चित्राचा वेग सेकंदाला ५९.६४ येतो. हे गणित पायच्या टायमिंगमध्ये उतरवले तर पार्श्वभूमी आडवी सरकताना धक्का लागत नाही, आणि मूळ बोर्डाच्या चित्राशी तुलना केली तरी डोळ्याला फरक जाणवत नाही.

प्रत्येक खेळासाठी आडवे पिक्सेल वेगवेगळे ठेवण्याऐवजी १९२० रुंदीचा एकच मोड ठेवण्याची पद्धत आहे, आणि ती मला पटली. ३८४ ला पाचाने गुणले तर १९२० येतात, ३२० ला सहाने गुणले तरीही १९२० च येतात, म्हणून सीपीएस-१ आणि निओ जिओ या दोन्ही कुळांचे खेळ एकाच मोडमध्ये पिक्सेल न फाटता बसतात. २५६ पिक्सेलच्या खेळांना साडेसातचा गुणक येतो, पण इतक्या बारीक विभागणीत पिक्चर ट्यूबवर तो अर्धा पिक्सेल दिसत नाही. उभ्या दिशेला मात्र अशी कोणतीही सवलत नाही. तेथे खेळाची एक ओळ म्हणजे ट्यूबची एकच ओळ हवी, नाहीतर अक्षरे चिरडलेली दिसतात.

दोन प्रकारचे खेळ या जोडणीत नीट बसत नाहीत, आणि हे आधीच माहीत असलेले बरे. इरेमचा १९८७ चा आर-टाइप सेकंदाला ५५ चित्रे दाखवतो आणि त्याच्या दृश्य ओळी २५६ आहेत. तो ६० च्या ठरावीक मोडमध्ये चालवला तर शत्रूंची रांग सरकताना ठरावीक अंतराने अडखळते आणि वरखालच्या ओळी कापल्या जातात. त्याच्यासाठी २८४ ओळींचे वेगळे टायमिंग द्यावे लागते, आणि ते दिल्यावर खेळ पुन्हा सुरळीत चालतो. बहुतेक आर्केड मॉनिटर ५५ ची उभी वारंवारता पकडतात. कधी पाठीमागचा उभ्या पकडीचा स्क्रू किंचित फिरवावा लागतो. दुसरा प्रकार उभ्या पडद्याच्या खेळांचा आहे. पॅक-मॅनमध्ये उभ्या दिशेला २८८ पिक्सेल आहेत, आणि आडव्या ट्यूबवर साधारण २४० ओळी मिळतात. ते चित्र दाबून बसवण्यावाचून पर्याय नाही, आणि दाबलेला पॅक-मॅन पाहवत नाही. ज्यांना प्रामुख्याने १९८० च्या आसपासचे उभे खेळ खेळायचे आहेत, त्यांनी उभी ट्यूब असलेले कॅबिनेट शोधावे. कोणताही बोर्ड ही अडचण सोडवू शकत नाही.

नियंत्रणांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, आणि जे-पॅकसाठी ही स्तुतीच आहे. यूएसबी केबल पायला लावली की तो कळफलक म्हणून ओळखला जातो, कोणताही ड्रायव्हर लागत नाही, आणि त्याची मुळातली कळ-रचना मेम या इम्युलेटरच्या, म्हणजे जुन्या आर्केड यंत्रांची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, रचनेशी जुळणारी आहे: नाण्याला ५, पहिल्या खेळाडूच्या स्टार्टला १, आणि याच क्रमाने बाकीची बटणे. पहिल्या खेळाडूचे स्टार्ट दाबून धरून दुसऱ्याचे स्टार्ट दाबले की एस्केप मिळतो, त्यामुळे खेळातून बाहेर पडण्यासाठी नियंत्रण फलकावर नवे भोक पाडावे लागत नाही. नाण्याची खाच पूर्वीसारखीच चालते. रुपयाचे नाणे टाकल्यावर मायक्रोस्विच दाबला जातो आणि क्रेडिट चढते. स्ट्रीट फायटरच्या सहा बटणांपैकी तीनच जाम्मावर येतात. मूळ कॅपकॉम बोर्डावरही उरलेल्या तीन लाथांसाठी वेगळा हार्नेस लागत असे. जे-पॅकवर या जादा बटणांसाठी स्क्रूची टोके दिलेली आहेत.

आवाजाच्या बाबतीत जे-पॅक आपल्याला वाऱ्यावर सोडतो. मूळ गेम बोर्ड स्वतःच स्पीकर चालवत असे, म्हणजे प्रवर्धक बोर्डावर असे आणि जाम्माच्या दोन टोकांवरून थेट स्पीकरला वायर जात असे. पायच्या जॅकमधून येणारा आवाज अगदी अशक्त असतो. त्यामुळे मधे एक छोटा प्रवर्धक बसवणे भाग आहे, आणि त्याला कॅबिनेटमधले १२ व्होल्ट देता येतात. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात असे तयार प्रवर्धक सहज मिळतात. जॅकच्या आवाजात मागे हलकी खरखर असते. पायच्या मांडणी फाइलमध्ये आवाजाचा सुधारित मोड चालू केल्यावर ती बरीच कमी होते, पण शांत खोलीत पूर्ण जात नाही. कॅबिनेटचा आठ ओहमचा जुना स्पीकर वरच्या बारीक स्वरांना फारसा दाद देत नाही, म्हणून खेळताना ती ऐकू येत नाही. ज्यांना ती सहन होत नाही त्यांनी यूएसबीवरचे स्वस्त साउंड कार्ड लावावे.

आता विजेचा पुरवठा. हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे, कारण येथे होणारे नुकसान परत भरून येत नाही. कॅबिनेटमधल्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, ५ व्होल्ट मिळतात आणि रास्पबेरी पायला ५ व्होल्टच लागतात, त्यामुळे पाय त्याच पुरवठ्यावर चालवणे सोयीचे आहे. शिवाय अशा अनेक एसएमपीएसना ५ व्होल्टवर काही भार असल्याशिवाय बाकीचे व्होल्ट स्थिर ठेवता येत नाहीत. पण ३ बी प्लससाठी २.५ अँपिअर क्षमतेचा पुरवठा सुचवलेला आहे, आणि बारीक व लांब वायरीतून तेवढा प्रवाह गेला की व्होल्ट घसरतात. ४.६३ व्होल्टच्या खाली गेले की पाय पडद्यावर विजेचे चिन्ह दाखवतो आणि आपला वेग कमी करतो. म्हणून वायर जाड आणि आखूड वापरावी, एसएमपीएसवरच्या छोट्या स्क्रूने दाब असा लावावा की भार असताना पायच्या टोकांवर मल्टिमीटर ५.१ च्या जवळ दाखवेल, आणि हे मोजमाप एसएमपीएसच्या तोंडाशी न करता पायच्या टोकांवरच करावे.

याहून आधी करायची गोष्ट म्हणजे हार्नेसची तपासणी. प्रमाणानुसार ३ व ४ आणि खालच्या बाजूच्या सी व डी या टोकांवर ५ व्होल्ट, ६ व एफवर १२ व्होल्ट, आणि १, २, ए, बी यांवर ग्राउंड असायला हवे. स्थानिक कारागिरांनी वायरिंग केलेल्या कॅबिनेटमध्ये हे गृहीत धरू नये. कनेक्टरमधली सातव्या जागेची खिट्टी पडून गेलेली असते आणि मग कनेक्टर उलटा बसू शकतो. काही लावण्याआधी सगळी टोके मल्टिमीटरने मोजावीत. मॉनिटरला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे की नाही, हेही एखाद्या जाणकार टीव्ही दुरुस्ती करणाऱ्याकडून तपासून घ्यावे. तो नसेल तर मॉनिटरचे ग्राउंड घरच्या विजेच्या थेट संपर्कात असू शकते आणि ते पाय, यूएसबी व नियंत्रण फलकाच्या धातूपर्यंत पोहोचू शकते. ट्यूबच्या मागच्या रबरी टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. ज्याला ट्यूब सुरक्षितपणे डिस्चार्ज करता येत नाही त्याने तेथे हात घालू नये.

मूळ गेम बोर्ड आणि पाय यांच्यातला सर्वांत मोठा फरक यंत्र बंद करताना कळतो. गेम बोर्डाचा कार्यक्रम रॉम चिपमध्ये कोरलेला असतो, म्हणून पार्लरचा मालक रात्री सरळ मेन स्विच बंद करत असे. पायचा कार्यक्रम एसडी कार्डावर असतो आणि लिनक्स त्यावर सतत काहीतरी लिहीत असते, त्यामुळे वीज अचानक गेली तर कार्ड बिघडू शकते. भारनियमन असलेल्या गावात तर हे होणारच. यावरचा उपाय सोपा आहे आणि तो केल्याशिवाय कॅबिनेट कोणाच्याही हाती देऊ नये: सगळी मांडणी पूर्ण झाल्यावर रास्पी-कॉन्फिग या पायच्या मांडणी कार्यक्रमातून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करावी. मग कार्डावर काहीही लिहिले जात नाही, सगळे तात्पुरते बदल मेमरीत राहतात आणि मेन स्विच निर्धास्तपणे बंद करता येतो. सर्वोच्च गुणांची यादीही त्यामुळे दर वेळी पुसली जाते, पण सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकातल्या पुष्कळ बोर्डांवरही ती वीज गेल्यावर पुसलीच जायची, म्हणून मला ते खटकत नाही. सुरू व्हायला मात्र मूळ बोर्डाला काही क्षण लागत आणि पायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागते. ही उणीव मी मान्य करतो.

सॉफ्टवेअरच्या निवडीत जुन्याला चिकटून राहण्यात शहाणपण आहे. जुने खेळ चालवण्यासाठीच्या रेट्रोपाय या तयार संचाची २०२२ मधली ४.८ ही आवृत्ती रास्पबेरी पायच्या बस्टर या जुन्या प्रणालीवर उभी आहे आणि तिच्यात व्हीजीए-६६६ जुन्या पद्धतीने चालतो. २०२१ च्या अखेरीस आलेल्या बुल्सआय या पुढच्या प्रणालीपासून पडद्याचा ड्रायव्हर बदलला, त्यामुळे बहुतेक जुन्या मार्गदर्शकांतल्या ओळी नव्या प्रणालीत टाकल्या तर पडदा काळाच राहतो. पाय ४ नक्कीच अधिक वेगवान आहे, पण पहिल्यांदा ही जोडणी करणाऱ्याने ३ बी प्लसच घ्यावा असे मी सांगेन, कारण सीपीएस-१, निओ जिओ आणि त्याआधीचे बहुतेक खेळ त्यावर पूर्ण वेगाने चालतात. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातले त्रिमितीय खेळ त्याला झेपत नाहीत, आणि त्यासाठी हा बोर्ड घेऊही नये. हा बोर्ड ६० अंश सेल्सिअसच्या वर गेला की आपला वेग १.४ वरून १.२ गिगाहर्ट्झवर आणतो. बंद कॅबिनेट, आत तापलेली ट्यूब आणि विदर्भातला मे महिना अशी परिस्थिती असेल तर उष्णताशोषक आणि वर एक छोटा पंखा लावणे आवश्यक आहे.

बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंतच्या विलंबाबद्दल पुष्कळ वाद होतात. पिक्चर ट्यूब स्वतः काही विलंब घालत नाही, हा येथला मोठा फायदा. तोच पाय एखाद्या एलसीडी टीव्हीला जोडून खेळून पाहिले की फरक लगेच हाताला कळतो. पण आत लिनक्स आहे आणि इम्युलेटर आहे, त्यामुळे मूळ बोर्डापेक्षा थोडा उशीर होतोच. रेट्रोआर्च या इम्युलेटर चालवणाऱ्या कार्यक्रमात चित्रांच्या रांगेची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि चित्रासाठीचा वेगळा थ्रेड बंद केला की तो कमी होतो. स्ट्रीट फायटरमधला हाडोकेन हा डाव मला या जोडणीवर सहज जमतो. स्पर्धेच्या तयारीसाठी खेळणाऱ्याला मात्र हा उरलेला उशीर जाणवेल.

खेळांच्या फाइलींबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. या खेळांचे स्वामित्व आजही त्यांच्या कंपन्यांकडे आहे, आणि हजारो खेळ भरून विकली जाणारी एसडी कार्डे बेकायदा आहेत, मग ती कितीही उघडपणे विकली जात असोत. ज्यांच्याकडे मूळ बोर्ड आहे त्यांनी त्यावरच्या रॉम चिप वाचून प्रत काढावी. ते काम कठीण नाही. नुसती जोडणी तपासायची असेल तर रॉबी रोटो किंवा ग्रिडलीसारखे, मेमसोबत विनामूल्य वापरायला मालकांनीच परवानगी दिलेले खेळ आहेत.

पर्यायांचाही विचार करायला हवा. साठ खेळांचा तयार जाम्मा बोर्ड कनेक्टरला लावला की लगेच चालतो, आवाजासकट, आणि ज्यांना त्यातलेच खेळ हवे आहेत व हाताशी उभी ट्यूब आहे त्यांना तेवढा पुरेल; पण त्यात काहीही बदलता येत नाही आणि त्यातल्या खेळांच्या परवान्याचा प्रश्न तेथेही सुटलेला नाही. पायवर थेट बसणारे आणि चित्र, आवाज व नियंत्रणे एकाच पट्टीवर घेणारे जाम्मा अडॅप्टरही मिळतात. त्यांत वायरींचा पसारा कमी होतो, पण बहुतेक अडॅप्टरांसाठी त्यांची स्वतःची खास प्रणाली वापरावी लागते आणि तिचे अद्ययावतीकरण थांबले की आपणही थांबतो. मिस्टर नावाचा एफपीजीए (जुन्या यंत्राच्या सर्किटचे रूप घेऊ शकणारी चिप) वापरणारा प्रकल्प मूळ यंत्राच्या सर्वांत जवळ जातो, आणि खर्चही त्याच मानाने वाढतो. तीन वेगळे भाग घेण्यात मला एक लाभ दिसला. पाय बिघडला तर फक्त पाय बदलायचा, आणि जे-पॅक उद्या एखाद्या साध्या संगणकालाही लावता येतो, कारण त्याला समोर पाय आहे की आणखी काही, याच्याशी देणेघेणे नाही.

ज्यांचा मूळ बोर्ड अजून चालतो आहे आणि ज्यांना तोच एक खेळ हवा आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये. बोर्डाची निगा राखावी. क्यूसाउंड ही आवाजाची यंत्रणा असलेल्या सीपीएस-१ बोर्डांवर, म्हणजे मुस्तफाच्या बोर्डावरही, कॅपकॉमने कूटबद्ध कार्यक्रम उलगडण्याची किल्ली बॅटरीवर जपलेल्या चिपमध्ये ठेवली होती, आणि बॅटरी संपली की खेळ चालेनासा होतो. असा बोर्ड हाती असेल तर आधी त्या बॅटरीकडे पाहावे. माझ्याकडे पाय बसवलेला असताना मूळ बोर्ड स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत कॅबिनेटच्याच तळाशी ठेवलेला असतो. तो परत लावायचा तर जे-पॅक ओढून काढायचा, बोर्ड कनेक्टरमध्ये सरकवायचा, स्पीकरच्या दोन वायरी मूळ जागी आणायच्या आणि एसएमपीएसचा दाब पुन्हा एकदा मोजायचा, एवढेच करावे लागते. तिसऱ्या खेळाडूची सोय मात्र जाम्मावर मुळातच नाही, म्हणून तिघांनी मिळून मुस्तफा खेळायचा असेल तर तिसरा जॉयस्टिक यूएसबीने पायला जोडावा.